वहिवाटीवरचं फाटक

कुंभिवलीच्या आसपास, म्हणजे सगळ्याच कर्जत-खालापूर पट्ट्यात, हल्ली नवे शेतकरी फार. शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही, असं कुळकायद्याचं कलम 63 सांगतं. त्यामुळे मुंबईची बरीच मंडळी आधी शेतकरी होतात, मग फार्महाऊस बांधतात. पहिलं पीक तारेच्या कुंपणाचं. दुसरं, आजोबांच्या काळापासूनच्या बैलगाडीवाटेवर बसवलेल्या फाटकाचं. राखणीला कुत्रा, त्याचं नाव मात्र सातबाऱ्यावर नसतं.

यावर उपाय आहे, तोही इंग्रजांच्या वेळचा. मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906. शेतात जायची वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतात. वकील केलाच पाहिजे असंही नाही. अट एकच: वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा.

आणि हे सहा महिने आपण कसे घालवतो? आधी भावकीत बैठक. मग लावणी. मग गणपती. तंटामुक्तीच्या अध्यक्षांना विचारावं, तर त्यांचाच चुलत्याशी बांधावरून वाद. मग भातकापणी. मग कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे रे, पलीकडून जाऊ." पलीकडच्यानेही तोवर प्लॉट विकलेला असतो.

तेव्हा मंडळी, फाटक बसेल त्या दिवशीच फोटो काढा, तारीख लिहून ठेवा आणि खालापूरची तहसील कचेरी गाठा. चहा नंतर प्या.