जसं आलं तसं

एरंडोलच्या माणसाला बाहेरगावी एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. ‘तुमच्याकडे एरंड फार का हो?’ खरं तर आमच्या शिवारात कापूस दिसतो, मका दिसतो. एरंड असतो बांधावर नाहीतर उकिरड्याशेजारी, कुणी न लावता उगवलेला. पण एवढं समजावत कोण बसणार? आम्ही ‘हो’ म्हणतो आणि वर आपलं ठेवणीतलं ऐकवतो, की पांडव अज्ञातवासात आमच्याकडेच राहिले, एकचक्रानगरी ती हीच आणि बकासुराला भीमाने इथेच लोळवला. पुरावा मागणाऱ्याला पद्मालयाजवळचं भीमकुंड दाखवतो. आजोबांनी सांगितलं, आम्ही पुढे सांगितलं. जसं आलं तसं. बकासुराचे वारसदार तक्रार घेऊन आल्याचं अजून तरी कानावर नाही.

सगळ्याच गोष्टी मात्र इतक्या निरुपद्रवी नसतात. बांधावरच्या त्या एरंडाचंच घ्या. त्याच्या बीमध्ये रायसिन नावाचं जहाल विष असतं. हे छापून मी काही गुपित फोडतोय असं नाही. रंगीत, चकचकीत बी पोराने उचललं की आई ओरडते, ‘टाक ते आधी!’ नीट काढलेल्या तेलात हे विष उतरत नाही, ते पेंडीत राहतं. म्हणून कच्ची पेंड गुरांपुढे टाकायची नाही, खत म्हणून शेतात टाकायची, हे शेतकऱ्याला कुठल्याही परिषदेला न जाता कळतं. ही माहिती दडवली तर पोरं आणि गुरं दगावतील. सांगितली तर वाचतील.

पण याच बीची आणखी एक कथा आहे. गेऑर्गी मार्कोव्ह हा बल्गेरियाचा लेखक देश सोडून लंडनला आला आणि बीबीसीवरून आपल्या देशातल्या राजवटीचे वाभाडे काढू लागला. ७ सप्टेंबर १९७८ रोजी वॉटर्लू पुलाजवळ त्याच्या मांडीला काहीतरी टोचलं. चार दिवसांनी तो गेला. त्याच्या शरीरात टाचणीच्या डोक्याएवढी गोळी सापडली आणि तिच्यात रायसिनच असावं असा तपासाचा निष्कर्ष निघाला. त्याच्या आधी अर्धं शतक, इटलीत मुसोलिनीचे काळे डगलेवाले विरोधकांना धरून बळजबरीने एरंडेल पाजत. म्हणजे बोलणाऱ्याचं तोंड बंद करायला आमच्या बांधावरच्या झाडाचं तेलही वापरून झालं आणि बीही.

आता बीपासून त्या गोळीपर्यंतची वाट कशी जाते, ते या लेखात येणार नाही. वाचकाचं त्यावाचून काही अडणार नाही. ‘हे विष आहे’ एवढं सांगणं आईचं काम आहे. ‘हे विष असं तयार करा’ हे सांगून कुठल्याच आईचं भलं होत नाही. अभिव्यक्तीची एवढी काटछाट मी राजीखुशीने सोसतो.

ही रेघ सरकारने ओढली की काय होतं, ते आपल्याकडे १९०८ साली दिसलं. मुझफ्फरपूरला बाँब पडला आणि त्यावर ‘केसरी’त लेख आले. बाँबला मोठा कारखाना लागत नाही, ते एक ज्ञान आहे आणि कायद्याने ते अडवता येणार नाही, असा एका लेखाचा सूर होता. टिळकांना अटक झाली. घराची झडती घेतली, तेव्हा पोलिसांना एक पोस्टकार्ड सापडलं. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावं लिहिलेली होती. पुस्तकं नव्हे, फक्त नावं! ते कार्ड पुरावा म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दाखल झालं. टिळकांचं म्हणणं साधं होतं. स्फोटकांचा नवा कायदा आला आहे, त्यावर टीका करायची तर स्फोटक कशाला म्हणतात ते आधी पाहायला नको का? ज्युरीतल्या सात जणांनी दोषी म्हटलं, दोघांनी नाही. २२ जुलैला न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली. लायब्ररीतून कोणती पुस्तकं आणायची याची चिठ्ठी खिशात घेऊन हिंडणाऱ्यांनी हा खटला अधूनमधून आठवावा.

गंमत अशी, की बाँबची खरी कृती त्याच सुमारास देशात पोचली होती, आणि ती पोस्टकार्डावरून आलेली नव्हती. पारनेरचे पांडुरंग बापट, म्हणजे पुढचे सेनापती बापट, यांनी ती पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून मिळवली होती. सरकारने पुस्तकांच्या नावांना पकडलं आणि कृती हातोहात फिरत राहिली.

त्या प्रकरणातली दुसरी बाजूही विसरू नये. मुझफ्फरपूरचा बाँब ज्या न्यायाधीशासाठी होता, तो वाचला. त्याच्या गाडीसारख्याच दिसणाऱ्या गाडीत बसलेल्या केनेडी मायलेकी मेल्या. धोक्याच्या माहितीचा नेम असाच चुकतो. लिहिणारा एकीकडे, वापरणारा दुसरीकडे आणि जीव जातो तिसऱ्याचा.

हा तिसरा माणूस आमच्या खान्देशाने फार जवळून पाहिला आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात मोबाइलवर एक संदेश गावोगाव फिरत होता, की मुलं पळवणारी टोळी आली आहे. कुणाची टोळी, कुणाचं मूल, कोणत्या ठाण्यात तक्रार, याचा पत्ता नव्हता. १ जुलैला, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला पाच जण भिक्षा मागायला आले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसं, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं बंधन घातलं. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. शिक्षा मारणाऱ्यांना झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण तो संदेश हजारो बोटांनी पुढे सरकवला होता, आणि त्यातलं एकही बोट स्वतःला दोषी समजत नाही.

आमच्या गल्लीतले एक आप्पा पहाटेपासून मोबाइलवर ज्ञानदान करतात. पपईच्या पानाने काय बरं होतं इथपासून उद्या कोणती बँक बुडणार इथपर्यंत. एकदा मी हटकलं, तर म्हणाले, ‘मी काही लिहिलं नाही भो, आलं तसं पुढे धाडलं.’ असं म्हणताना त्यांचा चेहरा इतका निर्मळ होता, की मलाच एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून परतावं लागलं.

टिळक आणि आप्पा यांच्यातला फरक लिहिण्याच्या ताकदीचा आहेच, पण मला दुसराच फरक मोठा वाटतो. ‘केसरी’तल्या लेखांखाली लेखकाचं नाव नसे आणि प्रत्येक लेख टिळकांच्याच हातचा असे असंही नाही. तरी ‘जसं आलं तसं छापलं’ असं ते कोर्टात म्हणाले नाहीत. संपादक मी, जबाबदार मी, म्हणाले आणि मंडालेला गेले. बोलण्याचं स्वातंत्र्य त्यांनी मागितलं ते बोलण्याची किंमत स्वतः भरण्याची तयारी ठेवून. आपल्याला आज स्वातंत्र्य फुकट मिळालं आहे, आणि किंमत आपण राईनपाड्यासारख्या गावात आलेल्या अनोळखी माणसाच्या नावावर मांडतो.

म्हणून मला आणखी एखादा कायदा नको आहे. कायदा पोस्टकार्ड पकडतो आणि अफवा सोडतो, हे आपण पाहिलं. मी आप्पांना आणि तुम्हालाही एवढंच सुचवतो. कुठलाही संदेश पुढे धाडण्याआधी त्याच्याखाली आपलं पूर्ण नाव आणि गावाचं नाव लिहा, ‘ही बातमी मी खात्री करून देत आहे’ असंही लिहा, आणि मग खुशाल पाठवा. एवढं लिहायला बोट धजत नसेल, तर तो संदेश तिथेच पुसून टाका.