उजाडलं, झालं, राहिलं

सकाळी आमच्या घरातलं पहिलं वाक्य असतं, ‘अरे, उजाडलं की!’ शाळेत या क्रियापदाला ‘भावकर्तृक’ म्हणायला शिकवलं होतं. उजाडणं, सांजावणं, मळमळणं ही सगळी त्याच कुळातली मंडळी. यांना निराळा कर्ता लागत नाही. बाईंनी फळ्यावर ‘उजाडले’ लिहून ‘कोण उजाडले?’ असं विचारलं, तेव्हा मी छातीठोकपणे ‘दिवस!’ म्हणालो होतो आणि मुकाट खाली बसलो होतो. कर्त्यावाचून वाक्य चालतं हे तेव्हा पचलं नाही. आता आमचं अख्खं घर तसंच चालतं.

बघा ना. दूध येतं. पाणी येतं, पाऊण तासानं जातं. केरवारे होतात, पोळ्या होतात. तीन शिट्ट्या झाल्या की कुकर होतो. जिन्यात शेजारचे काका ‘काय, चहा झाला का?’ विचारतात आणि मी ‘आत्ताच झाला’ म्हणतो, जशी पावसाची एक सर येऊन गेली. चहा टाकला कुणी, आलं किसलं कुणी, गाळणं घासलं कुणी, याचा त्या उत्तरात पत्ता नसतो.

परवा दुधापाशी उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. साय कडेकडेनं सुरकुतली, मधोमध फुगायला लागली, इथवर मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. नेमका त्याच क्षणी शब्दकोड्यातला आडवा सात आठवला. पेन शोधून परत येतो तर फस्स! ओट्यावरून पांढरा ओघळ काड्यापेटीच्या दिशेनं निघालेला.

‘दूध उतू गेलं गं,’ मी आत हाक दिली.

‘गेलं? आपलं आपण? चप्पल तरी घालून गेलं का?’

बायकोचा मुद्दा खोडता येत नाही, पण व्याकरण माझ्या बाजूनं आहे. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 सालचं. पोरं अजूनही कर्तरी, कर्मणी, भावे घोकताहेत. ‘मी कप फोडला’ हा कर्मणी प्रयोग. आमच्याकडे तो सहसा होत नाही. आमच्याकडे ‘कप फुटतो’. हा कर्तरी, आणि कर्ता कोण? खुद्द कप! गुन्हेगार जागेवर सापडला, तुकड्यांसकट. बांगडी तर फुटतही नाही, ती वाढते.

माणसांचंही तेच. रविवारी दीड वाजता मी म्हणतो, ‘जरा पाठ टेकतो.’ साडेचारला उठून सांगतो, ‘डोळा लागला.’ मधले तीन तास झोपलं कोण, याची चौकशी होत नाही. आणि ‘आलोच’! नळदुरुस्तीवाला फोनवर ‘आलोच साहेब’ म्हणतो तेव्हा मागे त्याच्या घरच्या फोडणीचा चर्र आवाज ऐकू येत असतो. जो माणूस अजून जेवायला बसायचाय, तो भूतकाळात येऊनसुद्धा गेला. त्या ‘च’वर मी तीन तास बादली लावून बसलोय. बोलणार काय? मीही ऑफिसात ‘झालंच’ म्हणूनच दिवस काढतो.

कर्ता आमच्याकडे फक्त श्रेय घ्यायला उगवतो. दह्याचंच पाहा. कवडी घट्ट बसली, पातेलं तिरकं केलं तरी हलली नाही, की मी पाहुण्यांना सांगतो, ‘दही मी लावलंय हं.’ काल रात्रीही मीच. करंगळी बुडवून दूध कोमट झाल्याची खात्री केली, झाकण ठेवलं, दिवा मालवला. सकाळी पातेलं तिरकं केलं तर दूध डुचमळलं.

‘दही लागलं नाही,’ मी जाहीर केलं.

बायकोनं पातेल्याकडे पाहिलं, मग ओट्याच्या कोपऱ्याकडे. रात्री काढून ठेवलेली विरजणाची वाटी तिथं होती तशीच झाकलेली होती.

‘लागलं नाही, की लावलं नाही?’

‘राहिलं,’ मी म्हणालो.