शेंगेनकाकू

व्हिसाचं दूतावास बघतो, तिकिटांचं ट्रॅव्हलवाले बघतात. पण आमच्या पुण्यातल्या सहकारनगरच्या सोसायटीतून युरोपला निघालेल्या माणसाने शेंगेनकाकूंना बॅग दाखवली नसेल, तर तो निघाला असं कुणी धरत नाही. काकूंचं खरं नाव खाली टपालपेटीवर आहे, पण ते फक्त कुरिअरवाल्याच्या उपयोगाचं. शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, हा नियम त्या इतक्या अधिकाराने सांगतात की तो त्यांनीच काढलाय, असं तळमजल्यावरच्या आजींना अजून वाटतं.

काकूंची सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. माणसाला गरज किती आणि तो मागतोय किती, हे ओळखायची नजर तिथली. बॅग म्हणजे त्यांच्या लेखी कर्जाचा अर्जच. त्यातलं निम्मं कापायचं हे आधीच ठरलेलं; कुठलं निम्मं, एवढंच बघायला त्या येतात.

तपासणी डबलबेडवर होते. चष्मा कपाळावर, ओढणी कमरेला खोचलेली, काखेत वही. दारातूनच हुकूम सुटतो, "सगळं बाहेर काढा. लपवू नका, मला सापडतंच." मग पलंगावर तो ढीग पडतो आणि यजमानीणबाई ठरलेलं वाक्य बोलतात, "काकू, तसं स्टायलिशच हवंय, पण कम्फर्टेबलही हवं." काकूंच्या अनुभवाने हे वाक्य एका माणसाचं नसतंच. पहिलं अर्धं बायकोचं, दुसरं नवऱ्याचं. तिला आयफेलसमोर उभं राहायचं असतं आणि त्याला बसमध्ये झोपायचं असतं.

"हा ब्लेझर कशाला?"

"व्हिएन्नाला ऑपेरा आहे ना."

"आहे. तुम्ही तो बसमधून बघणार आहात. डाव्या बाजूला. मी कार्यक्रमपत्रिका वाचलीय."

ब्लेझर गेला. त्याच्यापाठोपाठ दोन जीन्स गेल्या, कारण त्या धुतल्या तर वाळत नाहीत आणि नाही धुतल्या तर बसमध्ये कळतं. चार दिवस पुरतील इतकेच कपडे न्यायचे आणि रात्री बेसिनमध्ये पिळायचे, हा काकूंचा शिरस्ता. बाथरूममध्ये टॉवेल तापवायची दांडी असते, तिच्यावर बनियन सकाळपर्यंत खडखडीत वाळतो. बादली नसते, हे मात्र त्या आधीच सांगून ठेवतात. त्या धक्क्यातून काही पुरुष परत येईपर्यंत सावरत नाहीत.

टाचांच्या सँडलवर काकूंचा खास राग. रोमच्या जुन्या भागात रस्त्यावर काळे बसाल्टचे ठोकळे बसवलेत, त्यांच्या फटीत टाच अडकते. प्रागला तेच. लिस्बनच्या फुटपाथवरचे पांढरे दगड वर्षानुवर्षं घासून इतके गुळगुळीत झालेत की पावसाची एक सर आली की माणूस हवा तिथे थांबत नाही, दगड सांगेल तिथे थांबतो. "पण काकू, तिथल्या बायका टाचा घालून चालतातच की!" "त्या तिथे जन्मल्या. तू लक्ष्मी रोडवरसुद्धा नवऱ्याचा दंड धरून चालतेस."

बूट चालतील, पण नवे चालणार नाहीत. नवे बूट घेतले की तीन आठवडे रोज पर्वती चढायची, हे पथ्य. पर्वती हे काकूंचं मापही आहे. पर्वतीच्या पायऱ्या 103. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट 463 पायऱ्यांचा, म्हणजे साडेचार पर्वत्या. रोमला सेंट पीटरच्या घुमटाला 551. अर्ध्या वाटेपर्यंत लिफ्ट घेतलीत तरी 320 उरतात, म्हणजे तीन पर्वत्या भरल्या. आयफेलच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने गेलात तर 674, साडेसहा. सोसायटीतल्या पोरांना मीटर, किलोमीटर आणि पर्वती अशी तिन्ही मापं येतात. "नवा बूट पहिल्यांदा पॅरिसला घालणारा माणूस लूव्हरमध्ये मोनालिसा बघत नाही," काकू म्हणतात, "बाक बघतो."

बॅगेच्या चाकांचंही तसंच. व्हेनिसला चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. चार चाकांच्या बॅगेचा अभिमान पहिल्या पुलावर संपतो. पॅरिसच्या मेट्रोत जिने फार आणि लिफ्ट मोजक्या. जुन्या हॉटेलांच्या लिफ्टमध्ये एक माणूस आणि एक बॅग मावते. नवरा, बायको आणि बॅगा एका खेपेत वर गेल्याची नोंद काकूंच्या वहीत नाही.

शिफॉनच्या साडीचा प्रश्न मात्र वादाचा. तो 1989 पासून चालू आहे, म्हणजे 'चांदनी' आल्यापासून. बर्फ दिसला की आपल्याकडच्या बाईला पदर सोडावासा वाटतो. इंटरलाकेनने 2016 मध्ये यश चोप्रांचा पुतळा बसवला, तो योग्यच, असं काकू म्हणतात. इतकं गिऱ्हाईक दुसऱ्या कुणी पाठवलंय त्यांना? "पण श्रीदेवीचा शॉट संपला की शाल घेऊन कुणीतरी उभं असणार. तुझ्यासाठी कोण उभं आहे? हे? हे तर कॉफीच्या रांगेत असतील." युंगफ्राउयोखचं स्टेशन 3,454 मीटरवर आहे, तिथे भर जूनमध्येही बर्फ असतो आणि वारा पदर सोडायची वाट बघत नाही.

या एका दिवसासाठी काकूंकडे सोसायटीचं लाल जॅकेट आहे. ते मुळात कुणाचं, हा वाद मिटलेला नाही. सी विंगचे म्हणतात, जर्मनीतल्या आमच्या मुलाने ठेवून दिलं. ए विंगचे म्हणतात, आमच्या जावयाने. हल्ली ते काकूंच्या कपाटात असतं. वही भरून न्यायचं आणि ड्रायक्लीन करून परत द्यायचं. सोसायटीतले युरोपचे फोटो शेजारी शेजारी ठेवले तर बर्फ तोच, कठडा तोच, जॅकेट तेच; डोकी तेवढी बदलतात. बी विंगच्या डॉक्टरीणबाईंना त्याच्या बाह्या गुडघ्यापर्यंत येतात आणि सेक्रेटरींना त्याची चेन लागत नाही, तरी दोघंही त्यात हसतायत. खिशात दर वेळी मागच्या माणसाचं काहीतरी निघतं. ल्यूसर्नच्या बोटीचं तिकीट, वितळून पुन्हा घट्ट झालेलं चॉकलेट, एकदा कवळीची डबी. रिकामी.

ज्यांना दुसऱ्याचं जॅकेट घालायला कमीपणा वाटतो, ते डेकॅथलॉनमध्ये जातात. हे दुकान 1976 मध्ये फ्रान्समध्येच, लिल शहराजवळ निघालं. म्हणजे पुण्याचा माणूस फ्रेंच दुकानातून जॅकेट घेतो, ते फ्रेंच माणसाला दाखवायला सात हजार किलोमीटर घेऊन जातो, आणि पॅरिसच्या मेट्रोत समोर बसलेल्या फ्रेंच माणसाच्या अंगावर तेच जॅकेट असतं. तेही सेलमध्ये घेतलेलं.

रंगांच्या बाबतीत काकू फार कडक. काळा, नेव्ही, बदामी. तीन पँटी, पाच टॉप, सगळं सगळ्यावर गेलं पाहिजे. तीन पाचे पंधरा, पंधरा दिवसांची टूर, विषय संपला. हे मला तितकंसं पटत नाही. आयुष्यभर राणी रंग घातलेल्या बाईने साठीला आल्यावर, तेही लाखो रुपये भरून, बदामी का व्हावं? ट्रेव्हीच्या कारंज्यापुढे राणी रंग काही वाईट दिसत नाही. पण माझी सोसायटीत तेवढी पत नाही. शिवाय काकूंचा गणितापलीकडचा मुद्दा बिनतोड आहे. मे महिन्यात पुण्यात चाळीस डिग्री असतं, पॅरिसला सकाळी दहा-अकरा. जॅकेट अंगावरून उतरतच नाही. म्हणजे पंधराच्या पंधरा जोड्या आत आणि पंधराही दिवसांचे फोटो एकाच जॅकेटात. घरी आल्यावर नणंद विचारते, "एका दिवसात उरकलंत का गं सगळं?"

यावर काकूंचा उतारा ओढणीचा. इथे त्या खऱ्या खुलतात. जॅकेट एकच राहू दे, गळ्याशी रोज दुसरी ओढणी, म्हणजे फोटोपुरता दिवस बदलला. खणाची नको, ती ताठ उभी राहते. इरकल जड होते. महेश्वरी घ्यायची, रेशीम-सुती, मुठीत मावणारी. काकू स्वतःच्या कमरेची ओढणी सोडतात आणि उभ्या उभ्या करून दाखवतात. अशी घेतली की विमानात पांघरूण. अशी गुंडाळली की पॅरिस. अशी दोन्ही खांद्यांवरून पुढे आणली की व्हॅटिकन. तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, मग तुम्ही कितीही मोठ्या घरच्या असा. बिनबाह्यांच्या गोऱ्या बायका बाहेर चौकात फिरत्या विक्रेत्यांकडून पातळसे स्कार्फ घेत असतात, तेव्हा आपली बाई पदर सारखा करते आणि आत जाते. "आणि पावसात?" कुणीतरी विचारतं. "पावसात छत्री. ओढणी आहे ती, ताडपत्री नव्हे." अॅमस्टरडॅमच्या वाऱ्यात छत्री उलटी होते, हे त्यांना माहीत आहे, पण ओढणीचा विषय चालू असताना त्या ते काढत नाहीत.

पुरुषांसाठी ओढणी नाही, चोरखिसा आहे. कोपऱ्यावरच्या शिंप्याला काकूंनी एकदा आकृती काढून दिली. आता "युरोपचा खिसा" म्हटलं की तो माप न घेता पँटीच्या आतून, कमरेच्या पट्टीखाली, पासपोर्टाएवढी पिशवी शिवतो. पोटावरचा पाउच काकूंना पसंत नाही. पैसे कुठे आहेत हे पॅरिसच्या खिसेकापूला लांबून सांगायची गरज काय? "माझी आजी कनवटीला पैसे खोचून पंढरपूरला जायची, आषाढीच्या गर्दीत. तिचा आणासुद्धा कुणी मारला नाही." चोरखिशाची अडचण एकच. तिकिटाच्या खिडकीपाशी पासपोर्ट काढायला गेलेला माणूस मागच्या रांगेला भलतंच काहीतरी करत असल्यासारखा वाटतो.

खाण्याचं काकू थोडक्यात आटपतात. दूध-दुभत्याचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत. तेव्हा श्रीखंडवडी आणि तुपाची बरणी बाहेर, मेतकूट आणि दाण्याची चटणी आत. यावर घरातल्या सासूबाई बोलत नाहीत, पण चहा दुसऱ्यांदा विचारतही नाहीत.

शेवटी वजन. विमान कंपनी 23 किलो म्हणत असली तरी काकू 15च्या वर सही करत नाहीत. वजन करायला काका येतात. काका म्हणजे शेंगेनकाकूंचे यजमान. या खात्यात त्यांना दुसरं काम नाही आणि आवाज तर नाहीच. घरून आणलेल्या काट्यावर आधी ते नुसते उभे राहतात, मग बॅग उचलून उभे राहतात, आणि काकू वजाबाकी करतात. त्यामुळे काकांचं वजन दर उन्हाळ्यात किती वाढलं, हे सगळ्या सोसायटीला तोंडपाठ आहे.

परत आलेल्या माणसाला काकू आल्प्स कसा होता हे विचारत नाहीत. त्या विचारतात, "कशाची घडी मोडली नाही?" न घालता परत आलेल्या कपड्यांची नोंद त्यांच्या वहीच्या मागच्या पानांवर आहे, आणि मी ती वाचलीय. पुरुषांत पोहण्याची चड्डी पहिली. बायकांत काळा गाऊन, "एखादी संध्याकाळ निघालीच तर" म्हणून नेलेला. जूनमध्ये पॅरिसला रात्री दहापर्यंत उजेड असतो; संध्याकाळ निघते तेव्हा गिऱ्हाईक हॉटेलवर पाय शेकत बसलेलं असतं.

गेल्या महिन्यात डी विंगमध्ये नवी सून आली आणि काकूंवर प्रसंग गुदरला. मुलगी आयटीतली. पलंगावर ढीग नव्हताच. एक हातातली बॅग, बरोबर सात किलो. तीन पँटी, पाच टॉप, काळा, नेव्ही, बदामी. वापरून मऊ झालेले बूट. सुरळ्या केलेले कपडे, आणि वर चक्क महेश्वरी ओढणी. काकूंनी तळापर्यंत हात घातला. चष्मा खाली घेतला, पुन्हा वर केला. वही उघडून मिटली. काका काट्याशेजारी उभे होते, त्यांच्याकडेही बघून झालं. काढण्यासारखं काही नव्हतं. मुलगी नम्रपणे म्हणाली, "काकू, सही?"

काकू उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि तिथून वळल्या.

"यांची बॅग कुठंय गं?"

सूनबाई गप्प. नवरा पुढच्या खोलीतून म्हणाला, "माझी ना? आत आहे. पण तिच्यात माझं काही नाहीये."

काकूंच्या चेहऱ्यावर रंग आला. ओढणी पुन्हा कमरेला खोचत त्या म्हणाल्या, "आण इकडे. आणि अहो, तुम्ही काट्यावर चढा."