आंदर मावळात टिकाऊ लाकडी शेड : नवशिक्यांसाठी आठ पायऱ्या

अभिनंदन! टाकव्याच्या पुढे कुठेतरी तुमच्या नावाचा सातबारा झाला. बंगला झाला, लॉन झालं. आता कुदळ, पाइप आणि एकदाच वापरलेलं गवतकापणी यंत्र ठेवायला लाकडी 'गार्डन शेड' हवी, तीही टिकाऊ. घाबरू नका. मी सांगतो तसं करत चला.

१. पावसाची चौकशी करू नका. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, तेवढाच इथेही पडत असेल असं धरा. लोणावळ्याचा आकडा चार हजारांच्या वर जातो आणि आपली खांडीही घाटमाथ्यालाच टेकलेली आहे, हे मनात आणू नका. ठोकरवाडीला आंध्रा नदी अडवून टाटांनी १९२२ पासून भिवपुरीला वीज करायला घेतली, तीही हौस म्हणूनच असणार.

२. जागा एप्रिलात निवडा. तेव्हा मावळ कसा कोरडा ठणठणीत असतो. एखादं भातखाचर बघा : आयतं सपाट, चारी बाजूंनी आयता बांध. हे खाचर पिढ्यान्‌पिढ्या राबून पाणी साठवण्यासाठीच सपाट केलं, असं कोणी म्हणालं तर हसून विषय बदला.

३. लाकूड रंगावर पसंत करा. ऐन, किंजळ ही काय नावं झाली? कॅटलॉगातलं गोरंपान पाइन घ्या. ते मऊ असतं. वाळवीच्या दातांचाही कोणी विचार करायला हवा की नको? स्वतःच्या रानातला साग पाडायचा मोह झाला, तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते. न घेता पाडलात, तर "माझंच झाड आहे" हे वाक्य पाठ करून ठेवा. उपयोग होत नाही, पण बोलायला काहीतरी असतं.

४. खांब थेट जमिनीत गाडा आणि भोवती काँक्रीट ओता. छान पेला तयार होतो. चार महिने त्यात पाणी साचतं आणि खांब पाय बुडवून निवांत बसतो. शेजारचे मामा म्हणतील, "साहेब, खाली तळखडा घ्या की. बूड मातीला लागलं की गेलं." त्यांना प्रेमाने सांगा, "मामा, डिझाइनमध्ये बसत नाही हो." दगडावर खांब उभा करायची ही युक्ती जुन्या वाड्यांपासून गोठ्यांपर्यंत सगळीकडे दिसते; तेवढ्यावरूनच ती जुनाट आहे हे ओळखा.

५. वळचण छाटा. छप्पर भिंतीबरोबर सरळ कापलं की फोटोत झकास दिसतं. पागोळ्या अंगणात पडण्याऐवजी फळ्यांवरून ओघळतील. भिंत रोज धुतली जाईल, बाईला वेगळं सांगायला नको. दार पश्चिमेला ठेवा. उन्हाळ्यात त्यातून मावळतीचा सूर्य दिसतो, पावसाळ्यात त्यातूनच झड आत येते. एका दारात दोन सोयी.

६. पॉलिश घाईत मारा. वळवाच्या दोन सरी होऊन गेल्या की मुहूर्त आला समजा. ओल्या लाकडावर चकचकीत थर दिला की आतली ओल आतच राहते. तुमचं लाकूड, तुमचीच ओल; बाहेर कशाला जाऊ द्यायची?

७. जून ते सप्टेंबर दार-खिडक्या घट्ट लावून पुण्यात बसा. लाकडाला वारा लागू देऊ नका, त्याला वाळायची सवय लागते. श्रावणात दार फुगून चौकटीत अडकलं, तर लगेच सुताराला बोलावून रंधा मारून घ्या. शिमग्याला तेच दार आकसेल आणि फटीतून मांजर ये-जा करील. याला नैसर्गिक वायुवीजन म्हणतात.

८. वॉरंटी नीट वाचा. 'दहा वर्षं' हे मोठ्या अक्षरांत असतं. खाली बारीक अक्षरांत असतं : वाळवी, बुरशी, जमिनीतली ओल आणि अतिवृष्टी वगळून. थोडक्यात, मावळ वगळून.

एवढं सगळं करूनही तिसऱ्या पावसाळ्यात शेड एका अंगाला कलली, तर खचू नका. खचायचं काम ती करतेच आहे. सामान उचला आणि मामांच्या गोठ्यात ठेवा. तो त्यांच्या वडिलांनी बांधलेला आहे : ऐनाचे खांब, प्रत्येकाखाली दगड, हातभर बाहेर आलेली वळचण आणि आरपार वारा. दरवर्षी दोन-चार कौलं बदलायची, एवढाच त्याचा खर्च. तुमचं यंत्र तिथे कोरडं राहील.

ते न्यायला याल तेव्हा मात्र मान खाली घालूनच आत शिरा. वळचण खाली उतरलेली आहे, डोकं आपटतं.