डोक्यावरचा समुद्र

आमच्या इमारतीत कुठे गळती लागली की प्लंबरच्या आधी सरखेलांना हाक जाते. ते येतात, भिंतीवरून ओघळणारा थेंब बोटावर घेतात, जिभेला लावतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, ‘‘गोडं आहे. तिसरा मजला.’’ कधीकधी डोळे जरा जास्तच वेळ मिटलेले राहतात. मग आवाज खाली येतो. ‘‘खारं आहे. माझंच.’’

ते दुसऱ्या मजल्यावर राहतात, मी पहिल्या. त्यांच्या हॉलच्या बरोबर खाली माझा हॉल. तेव्हा पुढे जे लिहिलंय ते तटस्थ माणसाने लिहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

सरखेल हे त्यांचं आडनाव नाही. ते सोसायटीच्या सभेत पडलेलं नाव. विषय होता त्यांच्या हॉलमध्ये येऊ घातलेली सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच काचेची टाकी. विरोध फार होता. तेव्हा सभेचं मन वळवायला ते कळवळून म्हणाले, ‘‘अहो, प्रवाळ म्हणजे काही परदेशी थेर नाहीत. आपल्या विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे, आंग्रिया बँक!’’ इतका वेळ पेंगत असलेले खजिनदार एकदम सावरून बसले आणि म्हणाले, ‘‘व्याज किती देतात?’’ त्या दिवसापासून कान्होजी आंग्र्यांचा हुद्दा डोंबिवलीतल्या एका गृहस्थाला चिकटला. या गृहस्थाला पोहता येत नाही आणि एलिफंटाच्या लाँचमध्येसुद्धा ते लिंबू हुंगत बसतात.

नोकरी त्यांनी एका कारखान्याच्या स्टोअर्स खात्यात केली. तीस वर्षं. चिठ्ठीशिवाय वॉशर बाहेर जाऊ दिला नाही आणि तीन कोटेशनांशिवाय आत येऊ दिला नाही. असा माणूस निवृत्त झाल्यावर भाजीवाल्यांच्या मुळावर येतो, हा सर्वसाधारण अनुभव. पण यांनी लहानपणी शाळेच्या सहलीत मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं. 1951 साली सुरू झालेलं ते मत्स्यालय आता बंद पडलं आहे, पण त्या काळी मुंबईच्या सहलीत ते चुकत नसे. तिथल्या एका काचेसमोर ते उभे राहिले ते हलेनात, आणि मास्तरांनी कान धरून त्यांना बसमध्ये नेलं. तो कान निवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यात दुखायला लागला.

आता, खाऱ्या पाण्याची प्रवाळांची टाकी हा श्रीमंतांचा छंद आहे. गोड्या पाण्यात चार गप्पी सोडून मोकळं होता येतं; इथे मीठ विकत, पाणी विकत, लाटा विकत आणि ऊनही विकत. कंजूष माणूस या वाटेला जातच नाही. सरखेल गेले, कारण ते कंजूष नाहीत. कंजूष खर्चाला टाळतो. सरखेल खर्चाला गाठतात, त्याच्याशी घासाघीस करतात, त्याला निम्म्यावर आणतात आणि अर्धे पैसे वाचले या आनंदात तीच वस्तू दोन घेतात.

टाकी एका बंद पडणाऱ्या हॉटेलातून आली. हॉटेलवाला ती फुकट द्यायला तयार होता, पण फुकट घेतलं तर घासाघीस कुठे करायची? म्हणून यांनी आधी किंमत ठरवायला लावली आणि मग ती पाडली. लिफ्टमध्ये ती मावेना. सहा माणसांनी जिन्यावरून चढवली तेव्हा माझ्या दाराशी थांबून त्यांनी मला एक कागद दिला. त्यावर हिशेब होता: चोवीस घनफूट, म्हणजे 680 लिटर पाणी, त्यात काच, दगड, वाळू, लोखंडी स्टँड. सगळं मिळून एक टनाच्या आसपास.

‘‘घाबरू नका,’’ ते म्हणाले. ‘‘भिंतीला लागून, तुळईवर ठेवतोय. चौदा माणसं ओळीने उभी राहिली असं समजा.’’

‘‘पण माणसं घरी जातात हो,’’ मी म्हणालो.

आधी दगड हवे होते. टाकीतला दगड नुसता शोभेचा नसतो. त्याच्या छिद्राछिद्रांत जिवाणू राहतात आणि तेच माशांच्या घाणीतला अमोनिया पचवतात. असा समुद्रातला दगड किलोवर विकतात. भाव ऐकून सरखेल घरी आले आणि सिमेंट कालवायला बसले. पांढरं सिमेंट, कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानातून आणलेला शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ. मीठ पुढे पाण्यात विरघळतं आणि दगडाला छिद्रं पडतात. गच्चीवर ओळीने वाळत घातलेले ते गोळे पाहून चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, ‘‘यंदा सांडगे मोठे घातलेत.’’ सिमेंटचा क्षार उतरेपर्यंत ते सांडगे आठवडेच्या आठवडे पिंपात भिजत पडले. दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं. सिमेंटमध्ये जे वाचलं ते पाण्याच्या बिलात गेलं, पण पाण्याचं बिल सोसायटीत सारखं वाटून येतं. या कारणाने आमच्या इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाचा त्या समुद्रात थोडा वाटा आहे.

क्रॉफर्ड मार्केटमधल्या एका दुकानदाराने एकदा त्यांना आत बोलावून, पडदा सारून, दगडी प्रवाळाचा एक जिवंत तुकडा दाखवला. स्वस्तात. सरखेलांनी हात मागे घेतला. दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. ‘‘पावती?’’ त्यांनी विचारलं. दुकानदार हसला. हे तसेच बाहेर पडले आणि सीएसएमटीपर्यंत चालत येताना मला फोन करून म्हणाले, ‘‘कागदाशिवाय माल? अहो, तीस वर्षं स्टोअर्समध्ये घालवली!’’ एवढी मोठी सवलत त्यांनी आयुष्यात एकदाच नाकारली असेल. त्यांच्याकडे आहेत ते मऊ प्रवाळ, चामड्यासारखे, झाडासारखे, बटणांसारखे. प्रत्येकाची पावती फाइलला लावलेली.

पहिले मासे आणले ते संध्याकाळच्या डोंबिवली फास्टमधून. ज्यांनी ती गाडी पाहिली आहे त्यांना अधिक सांगायला नको. सरखेल दोन्ही हात डोक्यावर, हातांत पाण्याची फुगवलेली पिशवी, आणि पिशवीत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या विदूषक माशांची जोडी. दादरला लोंढा आत घुसला तेव्हा कोणीतरी ओरडलं, ‘‘काका, पिशवी खाली घ्या.’’ काका म्हणाले, ‘‘जीव आहे त्यात.’’ डबा गप्प झाला. कुर्ल्याला खिडकीजवळच्या एका तरुणाने ती पिशवी मांडीवर घेतली. मासे बसून आले, सरखेल लोंबकळत.

या माशांत मादी मेली तर उरलेला नर पुढे स्वतःच मादी होतो. ही माहिती सरखेलांनी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना दिली. तेव्हापासून हळदीकुंकू स्वयंपाकघरात होतं.

पण मासे ही मंडळी त्या घरात तशी दुय्यमच. खरी सेवा पाण्याची. प्रवाळांना चुना लागतो. त्यासाठी जर्मन नावाचं एक द्रावण मिळतं, काल्कवासर. त्याची किंमत आणि कृती सरखेलांनी चार रात्री अभ्यासली आणि पाचव्या सकाळी स्वयंपाकघरात जाऊन ते वहिनींना म्हणाले, ‘‘अगं, ही तर चुन्याची निवळी!’’ वहिनी शांतपणे म्हणाल्या, ‘‘मग? आईंनी बंटीला दात येताना हेच दिलं होतं.’’ निवळी टाकीत एकदम ओतून चालत नाही, थेंबथेंब सोडावी लागते. थेंब मोजणारा पंप महाग. तेव्हा औषधाच्या दुकानातून सलाइनचा सेट आला. आज त्यांच्या हॉलमध्ये काचेशेजारी स्टँडवर बाटली लटकलेली असते आणि नळीतून टपटप चालू असते. नवीन पाहुणा दारातच चप्पल काढता काढता थबकतो आणि हळू आवाजात विचारतो, ‘‘कोण आजारी आहे?’’

व्होडकाचं प्रकरण मात्र अवघड होतं. पाण्यात नायट्रेट वाढलं की शेवाळ माजतं. ते उतरवायला या छंदातले लोक पाण्यात मोजून काही थेंब व्होडका घालतात. जिवाणूंना त्यातून कार्बन मिळतो, ते वाढतात आणि वाढताना नायट्रेट खातात. हे शास्त्र झालं. पण सरखेल माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, दर आषाढीला आळंदीपासून सासवडपर्यंत तरी पायी. टोपी कपाळावर ओढून ते वाइन शॉपच्या रांगेत उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘सगळ्यात स्वस्त. रंग नको, वास नको, चव कशीही चालेल.’’ दुकानदाराने त्यांच्याकडे फार करुणेने पाहिलं. ती बाटली देवघराच्या विरुद्ध बाजूच्या कपाटात असते आणि इन्सुलिनच्या सिरिंजने रोज मोजून काढली जाते. एकादशीला द्यावी की नाही, यावर ते आठवडाभर बेचैन होते. शेवटी ठरलं की पितात ते जिवाणू, मासे नव्हेत, आणि जिवाणूंना उपास नाही.

माझ्या छतावरचा पहिला नकाशा याच काळातला. वरची टाकी, तिच्याखाली कपाटात दुसरी छोटी टाकी, आणि पंप पाणी खालून वर फेकत राहतो. वीज गेली की पंप थांबतो, आणि पाणी वर नेणारी नळीच सायफन होऊन वरचं पाणी खाली ओढायला लागते. खालची टाकी भरते, मग कपाट, मग हॉल, मग मी. उपाय एकच: नळीला पाण्याच्या पातळीलगत बारीकसं भोक. खर्च शून्य. पण सरखेल त्या वेळी एका झडपेची तीन कोटेशनं मागवत होते. रात्री अडीच वाजता माझ्या पंख्यावरून समुद्र गळायला लागला. ते खाली आले, बोट लावलं, चाखलं आणि खरं सांगतो, त्यांचा चेहरा उजळला. ‘‘क्षारता अगदी बरोबर आहे!’’ नंतर रंगकाम त्यांनी स्वखर्चाने करून दिलं. रंगाचा डबा अर्थातच कुठल्याशा उरलेल्या मालातला. माझ्या हॉलचं छत तेव्हापासून फिकट जांभळं आहे.

उन्हाळ्याचं काय? पाणी तिशीच्या वर फार दिवस राहिलं की प्रवाळ पांढरे पडतात. त्यांच्या अंगात राहून उन्हावर अन्न बनवणारं सूक्ष्म शैवाल त्यांना सोडून जातं; स्वयंपाकीणच घर सोडून गेल्यासारखं. पाणी थंड ठेवणारं यंत्र येतं, त्याची किंमत सरखेल उच्चारत नाहीत. पहिल्या मे महिन्यात त्यांनी टाकीवर टेबलफॅन लावला. वाफेबरोबर उष्णता जाते, हे खरं. दुसऱ्या मेमध्ये आणखी एक पंखा आणि बर्फाच्या बाटल्या. तिसऱ्या मेमध्ये, ज्या घरात वहिनी वीस वर्षं मागत होत्या आणि मिळत नव्हता, तो एसी आला. बसवला हॉलमध्ये. तेव्हापासून मार्च ते जून त्या घरातली सगळी माणसं हॉलमध्ये सतरंजी टाकून झोपतात, निळ्या उजेडात. निळा उजेड प्रवाळांसाठी लागतो. गल्लीतून रात्री पाहिलं तर वर बारमाही गणपती बसलेला वाटतो.

आणि 12 ऑक्टोबर 2020. सोमवार, सकाळी दहाचा सुमार, मुंबई आणि आसपासचा सगळा परिसर एका दमात अंधारात गेला. गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. आमचा इन्व्हर्टर नेमका दुरुस्तीला, त्यांचा त्यांनी घेतलेलाच नव्हता, जुन्या बॅटऱ्या जोडून करणार होते. पाणी हललं नाही तर प्राणवायू मिसळत नाही, आणि इतक्या जिवांचा त्या पाण्यात जीव गुदमरतो. अर्ध्या तासाने जिन्यातून हाक आली. ‘‘मग घेऊन या! ज्याच्याकडे असेल त्याने!’’

करोनाचे दिवस. तोंडाला मास्क बांधून आम्ही एकेक करून वर गेलो आणि उभे राहिलो. टाकीतलं पाणी मगात घ्यायचं, हात उंच करायचा, धार सोडायची. पुन्हा घ्यायचं. खजिनदारांनी पाळी लावली, एकेकाला वीस मिनिटं. ज्यांनी सभेत विरोध केला होता तेही आले. चौथ्या मजल्यावरच्या आजी खुर्चीवर बसून तांब्याने घालत होत्या आणि पुटपुटत काहीतरी म्हणत होत्या. नंतर कळलं, रुद्र. मीही घातलं. ज्या पाण्याने माझं छत दोनदा पडायला आलं, ते पाणी मी चाळीस मिनिटं स्वतःच्या हाताने उचलत होतो. शेजारी सरखेल एकेका माशाच्या कल्ल्यांचे ठोके मोजत उभे होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कशाचाही भाव काढला नाही. दुपारी वीज आली. पंप घुरघुरला. ते सगळ्यांना चहा देताना म्हणाले, ‘‘एकही गेला नाही.’’ मग जरा थांबून, ‘‘इन्व्हर्टरचे वाचले.’’

गेल्या दिवाळीनंतर वहिनींनी हट्टच धरला, खरा समुद्र बघायचा. सगळे मालवणला गेले, मलाही ओढून नेलं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा तो समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि तिथे पाण्याखाली खरोखरचे प्रवाळ आहेत. लाइफ जॅकेट घालून, नळी तोंडात धरून, गाइडच्या हाताला घट्ट पकडून सरखेल पाण्यावर पालथे पडले. दहा मिनिटं. पन्नास वर्षांपूर्वी कान धरून ज्या काचेपासून त्यांना ओढलं होतं, तिच्या आत ते आता होते. वहिनी होडीच्या कडेला वाकून बघत होत्या. मीही पाहत होतो. काय म्हणतील याची मला खरंच उत्सुकता होती.

ते वर आले. मुखवटा काढला. डोळे लाल होते, खाऱ्या पाण्याने किंवा कशानेही. बराच वेळ लाटांकडे पाहत बसले.

‘‘पंप नाही,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘बिल नाही. अहोरात्र चालू.’’

मग त्यांनी पिशवीतून ती दुर्बिणीसारखी नळी काढली. क्षारता मोजायचं हे यंत्र त्यांनी तीन कोटेशनं मागवून सगळ्यात स्वस्त घेतलं होतं. अरबी समुद्राचा एक थेंब काचेवर घेतला, झाकण लावलं, उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटला. होडीतले सगळे गप्प.

‘‘दोन पॉइंट कमी आहे,’’ ते गंभीरपणे म्हणाले.

‘‘मग आता तुम्हीच घाला मूठभर,’’ वहिनी म्हणाल्या.