चार आण्याची कोंबडी, बर्फावरची

जानेवारीत मिनेसोटातल्या मिल लॅक्स तळ्याच्या बर्फावर वसाहतच उभी राहते. चाकांवरची घरं, आत शेगडी, झोपायला बंक, टीव्ही, दाराशी पिकअप. घराच्या तळात मात्र मासे धरायला जेमतेम आठ इंचांचं भोक. एवढा संसार थाटणारा गृहस्थ काठी-रिळाचा कॉम्बो पंचवीस डॉलरचा घ्यावा की तीसचा, यावर दुकानात अर्धा तास खल करतो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला; आणि घासाघीस कोंबडीवर!

स्वस्त घ्या हो, जरूर घ्या. फक्त खोक्यावर छापलेलं वाचून घेऊ नका. तिथे ठळक काय असतं? बेअरिंग. पाच अधिक एक, सात अधिक एक. इथे गळ लांब फेकायचाय कुठे? पायाशी सोडला की आपल्या वजनाने तळाला जातो. रिळाने तंगूस गुंडाळून ठेवायचं आणि माशाने जोर केला की बेताबेताने सोडायचं. त्यात बेअरिंगची पलटण काय कवायत करणार? कडाक्याच्या थंडीत आतलं ग्रीस घट्ट झालं की साऱ्या जागच्या जागी. रीळ घरी आणलं की रात्रभर फ्रीजरमध्ये मटारांशेजारी ठेवा आणि सकाळी फिरवून बघा. कुरकुरलं तर पावती शोधायला लागा.

पैसे मोजायचे ते काठीच्या शेंड्याचे. काठी दोन-तीन फुटांचीच असते. गार पाण्यात मासा सुस्तावलेला. झडप घालत नाही, आमिष नुसतं चघळून बघतो. ते चघळणं शेंड्यावर दिसलं नाही तर तो अळी खाऊन पसार आणि आपण थर्मासातली कॉफी ओततोय. ब्लूगिल-क्रॅपीसारख्या छोट्या माशांना अल्ट्रालाइट काठी, मोठ्या वॉलायला मिडियम. ‘सगळ्याला चालते’ म्हणून गळ्यात मारतात ती काठी कशालाच धड चालत नाही. ग्रॅफाइटला माशाची हालचाल चटकन कळते, पण दारात सापडली की कटकन मोडते. फायबरग्लास जरा मठ्ठ, पण चिवट. तंगूस ओवायच्या कड्या मोठ्या बघा, बारीक कड्या बर्फाने बुजतात.

आणि रिळावर आयतं गुंडाळून आलेलं जाडं तंगूस आधी उतरवा. थंडीत त्याची वेटोळी सरळ होत नाहीत. छोट्या माशाला दोन ते चार पौंडी, वॉलायला सहा पौंडी पुरतं. स्पिनिंग रिळाने तंगुसाला पीळ बसतो, खाली जिग, म्हणजे वजनदार गळ, गरगरतं आणि मासा तोंड फिरवतो. पतंगाच्या फिरकीसारखं सरळ सोडणारं इनलाइन रीळ त्यावर उतारा. वरचे दहा डॉलर खर्चायचेच, तर इथे खर्चा.

मिनेसोटात बर्फावर माणशी दोन गळ चालतात. तेव्हा एक भारी काठी घेऊन मिरवण्यापेक्षा दोन साध्या घ्या: एक हलवत बसायला, दुसरी मऊ शेंड्याची, नुसती ठेवून द्यायला.

राहिलेल्या पैशांत गळ्यात अडकवायचे बर्फाचे टोचे घ्या, बर्फ फुटून पाण्यात पडलात तर बाहेर यायला. चालत जायला चार इंच चांगला पक्का बर्फ हवा, पिकअपला तेरा, असं तिथलं सरकारी खातं सांगतं. बेअरिंग मोजणाऱ्यांनी हे इंचही मोजावेत. ते खोक्यावर छापलेले नसतात.