बाटली हातात, पाय जमिनीवर

बेनफ्लीट, इसेक्स

ती. सौ. आई व ती. दादा यांस,
साष्टांग नमस्कार.

काल रात्री सईच्या सायकल शर्यतीहून घरी पोचलो. सई धड आहे, सायकल धड आहे. तुमच्या निखिलची कंबर मात्र जाता-येता गाडी चालवून आखडली आहे.

आई, डिंकाचे लाडू गेले नाहीत. 2021 पासून इंग्लंडातून युरोपात शिरताना दूधदुभत्याचं काही नेता येत नाही, आणि तुमच्या पद्धतीच्या लाडवांत डिंकापेक्षा तूप जास्त. शेजाऱ्यांकडे ठेवून गेलो, तर ते आता पुढच्या शर्यतीची तारीख विचारताहेत. सईने शेंगदाण्याच्या चिक्कीवर भागवलं.

दादा, शर्यत झाली ती चेक प्रजासत्ताकात, नोव्हे म्येस्तोच्या जंगलात. आमच्या घराजवळच्या हॅडली फार्मवर 2012 च्या ऑलिंपिकच्या माउंटन बाइक शर्यतीत यारोस्लाव्ह कुल्हावी या चेक गड्याने स्वित्झर्लंडच्या निनो शुर्टरला अवघ्या एका सेकंदाने हरवलं होतं. सई सायकल शिकली ती त्याच टेकडीवर, त्यामुळे चेक लोकांशी आपलं काहीतरी नातं आहे, असा तिचा समज होता. चेक मुलींच्या कानावर हे नातं गेलेलं दिसलं नाही.

तुमची उभी हयात बांधकाम खात्यात रस्त्यावरचे दगड हटवण्यात गेली. इथे हॅडलीच्या गवतावर ऑलिंपिकसाठी मुद्दाम बाहेरून दगड आणून रचले होते! नोव्हे म्येस्तोला दगड आहेतच, वर स्प्रूसच्या झाडांची मुळं वाटेत आडवीतिडवी पसरलेली. ती ओली असली की त्यांच्यावर ब्रेक दाबायचा नाही, हा पहिला धडा. ज्यांना धीर होत नाही त्यांच्यासाठी अवघड उतारांना बाजूने वळसा ठेवतात. त्यात वेळ जातो, पण दात राहतात. टायर तर तुम्ही अंगठ्याने दाबून नापासच केले असते. हवा जेमतेम 20-22 पीएसआय, आत ट्यूब नाही, नुसतं पांढरं द्रावण. बारीकसारीक भोकं ते आपलं आपणच बुजवतं. मऊ टायर मुळांवरून घसरत नाही म्हणे.

ज्युनिअर गटात 17-18 वर्षांच्या मुली. एकेकीचं नाव पुकारून गुणांच्या क्रमाने उभं करतात. सईच्या खात्यात शून्य गुण, म्हणून शेवटची ओळ. इंग्लंडातल्या निवेदकांना आपलं ‘क्षीरसागर’ आजवर जमलेलं नाही. रोज ‘ब्रनो’सारखी जोडाक्षरी नावं घेणाऱ्या तिथल्या निवेदकाने ते न अडखळता घेतलं. माझ्या मते तिथेच आमचा निम्मा खर्च वसूल झाला.

मला काम होतं बाटली देण्याचं. त्यासाठी वाटेवर एक पट्टा आखलेला असतो; दर फेरीत मुलगी तिथून जाते आणि आपण पाण्याची बाटली नुसती हातात धरून उभं राहायचं. नियम असा की देणाऱ्याने सायकलीबरोबर धावायचं नाही. आई, वरणभाताची वाटी घेऊन मी या मुलीच्या मागे किती पळले आहे, ते तुम्ही ओटीवरून पाहिलं आहे. त्या मला हा नियम! दुसऱ्या फेरीत ती आली तेव्हा गुडघा सोललेला, कोपराला चिखल. ‘काय गं झालं?’ एवढं विचारायला चार पावलं तरी लागतात. तिने बाटली हिसकली आणि म्हणाली, ‘आई, सरक!’ शर्यतभरात आमचं एवढंच बोलणं झालं. शेजारची पोलिश बाई माझ्याकडे पाहून हसली. तिची मुलगी तर एवढंही बोलली नव्हती.

आता तुमचा प्रश्न: कितवी आली? तर या शर्यतींत 80 टक्क्यांचा नियम असतो. पहिली मुलगी 15 मिनिटांत एक फेरी मारत असेल, आणि तुम्ही तिच्या 12 मिनिटांहून जास्त मागे पडलात, तर पंच तुम्हाला थांबवतात. सईची शेवटची फेरी अशी राहिली. पण निकालात नाव आहे आणि पुढे ‘एक फेरी कमी’ असा शेरा. तिच्या खालीही काही नावं आहेत. मी ती मोजली आहेत, पण आकडा घराबाहेर जाऊ नये अशी तिची ताकीद आहे. स्वतः मात्र खूश आहे. मोठा दगडी उतार तिने वळसा न घेता पार केला, आणि तो मी पाहिला नाही याचं तिला फार बरं वाटतंय.

दादा, ज्येष्ठ नागरिक संघाच्या फळ्यावर तुम्ही ‘नातीचा युरोपात झेंडा’ असं लिहिल्याचं कळलं. पुसू नका, पण ‘झेंडा’च्या जागी ‘हजेरी’ करा. आणि जास्तच खोदून विचारलं कुणी, तर सांगा, पहिल्या आलेल्या मुलीला सईचा अडथळा होऊ नये म्हणून खुद्द पंचांनी तिला मानाने बाजूला घेतलं.

तुमची,
मेधा